नावडतीचं मीठ अळणी: मुलांचं फॅनडम आणि रंगाचा दुजाभाव

जेवताना मुलगी 'अवतार' या कार्टून मालिकेतल्या एका मुलीबद्दल म्हणाली, "कटारा किती पकवते यार, सारखं आपलं आईचं पुराण," तर लगेच वाद घालू नका. "कार्टूनच तर आहे" म्हणून सोडूनही देऊ नका. हे वाक्य बहुधा तिचं नसतंच. डिस्कॉर्ड या चॅट अ‍ॅपवरून किंवा टिकटॉकवरच्या एखाद्या मीमवरून ते घरात आलेलं असतं, आणि ते घेऊन येणाऱ्या मुलीचा स्वतःचा रंग बऱ्याचदा कटाराच्या जवळचा असतो.

ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 'अवतार: द लास्ट एअरबेंडर' निकलोडियनवर २००५ ते २००८ या काळात आली. तीन पर्व, ६१ भाग. कटारा आणि तिचा भाऊ सोका हे वॉटर ट्राइबचे, दोघेही गव्हाळ-सावळे. झुको हा शत्रूपक्षाचा, फायर नेशनचा राजपुत्र, गोरा, चेहऱ्यावर भाजल्याचा व्रण. पुढे तो सुधारतो आणि नायकांच्या बाजूला येतो. फॅनडमचा, म्हणजे मालिकेच्या चाहत्यांच्या ऑनलाइन जगाचा, तो लाडका आहे. त्यात गैर काही नाही, कारण लेखकांनीच त्याला तीन पर्वांचा सावकाश उलगडणारा प्रवास दिला आहे. शिवाय झुकोही गोरा युरोपियन नव्हे, त्याचा देश पूर्व आशियाच्या धर्तीवर बेतलेला आहे. म्हणून "तुला झुको आवडतो म्हणजे तू वर्णभेद करतेस" असं मुलीला चुकूनही म्हणू नका. ते खोटं आहे, आणि त्यानंतर ती तुमच्याशी या विषयावर बोलणार नाही.

बघायचं ते वेगळंच. एकाच वागण्याला दोन पात्रांसाठी दोन निकाल लागतात का? आपल्याकडे नावडतीचं मीठ अळणी म्हणतात, ते फॅनडममध्ये अक्षरशः चालतं. झुको आईच्या आठवणीने व्याकूळ होतो तेव्हा ती 'खोली' असते, कटाराने खून झालेल्या आईचं नाव काढलं की ते 'रडगाणं' होतं. दुसऱ्या पर्वाच्या शेवटी बा सिंग से शहराच्या भुयारात कटारा झुकोचा व्रण बरा करायला निघते, तिच्याकडचं दुर्मीळ पवित्र पाणी त्याच्यासाठी वापरायला तयार होते. थोड्याच वेळात तो बहिणीच्या, अझुलाच्या, बाजूने लढतो आणि मालिकेचा नायक आंग याला अझुलाची वीज लागते. पुढे तो आंगवर मारेकरी सोडतो. तिसऱ्या पर्वात तो माफी मागत येतो तेव्हा कटारा त्याच्यावर विश्वास ठेवत नाही, तर फॅन म्हणतात ती कडवट आहे. 'द लेजंड ऑफ कोरा' (२०१२ ते २०१४, ५२ भाग) मधल्या सावळ्या कोराचंही तेच. तिचा तापटपणा म्हणजे माज, झुकोचा तापटपणा म्हणजे जखम. यात सगळा भाग रंगाचा नाही. मुलगी असण्याचा मोठा वाटा आहे, आणि दोन्ही एकत्र आले की फटका जास्त बसतो.

मुलांबरोबर हे तपासायला अर्धा तास पुरतो. एका कागदावर दोन उभे रकाने करा, एक मुलाच्या आवडत्या पात्राचा, एक नावडत्याचा. आडव्या चार ओळी: राग, चूक, माफी, दुःख. प्रत्येक चौकोनात मालिकेतला एकच प्रसंग लिहायचा, तो कोणत्या भागातला तेही. मग नावं झाकून प्रसंग मोठ्याने वाचायचे आणि मुलाने न्याय करायचा. यात हमखास बिघडतं ते एका जागी: मुलं प्रसंगाऐवजी मत लिहितात. "कटारा नेहमी ओरडते" हा प्रसंग नव्हे. "कोणत्या भागात, कोणावर, कशावरून" एवढं विचारा आणि थांबा. आईच्या उल्लेखांबद्दलचा दावाही मोजूनच बघायला सांगा. एका पर्वाचे भाग पुन्हा बघताना कागदावर रेघा मारायच्या. मीममध्ये 'सारखं' असतं, कागदावर ते सारखं उरत नाही.

मोठ्या मुलांना, म्हणजे साधारण पंधरापासून पुढे, आकड्यांत रस असतो. फॅनफिकच्या, म्हणजे चाहत्यांनी लिहिलेल्या कथांच्या, 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन' या साइटवर कुठल्याही मालिकेचं पान उघडलं की फिल्टरच्या पट्टीत सर्वांत जास्त कथा असलेली दहा पात्रं आकड्यांसह दिसतात, आणि पात्रांच्या जोड्याही दिसतात. ती यादी एका बाजूला लिहायची, आणि दुसऱ्या बाजूला ते पात्र साधारण किती भागांत आहे ते. मालिकेत कायम असलेलं सावळं पात्र यादीत खाली, आणि मोजक्या भागांत आलेलं गोरं पात्र वर, असं दिसलं तर बोलायला विषय मिळाला. एक सावधगिरी: एका कथेत दहा पात्रांचे टॅग लावलेले असतात, त्यातलं एखादं नुसतं दारातून डोकावून जातं. म्हणून पात्रांपेक्षा जोड्यांचे आकडे जास्त बोलके. आणि तो आकडा गर्दीचा आहे, तुमच्या मुलाचा नाही, हे लक्षात ठेवा. साइटवर प्रौढांसाठीचा मजकूर भरपूर आहे. फिल्टरमध्ये फक्त 'जनरल' आणि 'टीन' या रेटिंगच्या कथा ठेवा. 'नॉट रेटेड' मध्ये काहीही असू शकतं, तेही वगळा. पंधराहून लहान मुलांसाठी आकडे तुम्हीच काढून द्या.

आता चित्रांबद्दल, कारण फॅनआर्टमध्ये, म्हणजे चाहत्यांनी काढलेल्या चित्रांत, रंग उजळ होण्यामागे दर वेळी वाईट हेतू नसतो. बऱ्याचदा कारण तांत्रिक असतं, आणि तांत्रिक चूक दुरुस्त करता येते. चित्रांच्या अ‍ॅपमधल्या पांढऱ्या कॅनव्हासवर गव्हाळ रंग आहे त्यापेक्षा गडद वाटतो, म्हणून मूल नकळत तो फिका करतं. उपाय: आधी पूर्ण कॅनव्हासला मध्यम राखाडी रंग भरायचा आणि त्यावर काम करायचं. दुसरी चूक रंग उचलण्यात होते. आयड्रॉपरने (अ‍ॅपमधल्या रंग उचलायच्या साधनाने) शेकोटीच्या किंवा चकाकणाऱ्या दृश्यातून रंग घेतला की तो उजळच येणार. दिवसाच्या, उघड्यावरच्या तीन दृश्यांचे स्क्रीनशॉट घ्या. गालाच्या मध्यावरून रंग उचला. नाकावरची चमक आणि मानेवरची सावली टाळा. तिघांतला मधला रंग आपला.

यानंतरची पायरी बहुतेक मुलं गाळतात. एका पात्राचा रंग एकट्याने बरोबर असून भागत नाही, दोन पात्रांमधलं अंतर टिकायला हवं. मालिकेतल्या ज्या दृश्यात कटारा आणि आंग शेजारी आहेत ते, आणि आपलं चित्र, दोन्ही शेजारी ठेवा. सगळ्यांत वर एक थर (लेयर) घ्या, त्यात काळा रंग भरा आणि थराचा मोड 'कलर' करा. प्रोक्रिएट, क्रिटा, क्लिप स्टुडिओ, आयबिस पेंट या सगळ्या अ‍ॅपमध्ये हा मोड आहे. चित्र कृष्णधवल होईल. मालिकेत दोघांच्या गालांमध्ये जेवढा फरक दिसतो तेवढा आपल्या चित्रात दिसत नसेल, तर रंग घसरला. ब्राइटनेसच्या स्लायडरवर मात्र विसंबू नका. भडक नारिंगी आणि पांढरा, दोन्ही तिथे १०० दाखवतात.

सावलीसाठी काळा किंवा राखाडी वापरला की गव्हाळ त्वचा मळकट दिसते, मग ती 'स्वच्छ' करायला मूल पुन्हा उजळवतं. लालसर तपकिरी किंवा जांभळट सावली घ्या. गालावर फिक्या गुलाबीऐवजी विटकरी. शेवटी चमक आणायला 'स्क्रीन' किंवा 'अ‍ॅड' मोडचा थर चढवतात, तोच बहुतेक वेळा सगळ्या मेहनतीवर पाणी ओततो. त्वचेच्या भागावर तो पुसून टाका, नाहीतर २० ते ३० टक्क्यांवर आणा. हे एवढं सविस्तर सांगायचं कारण, चित्र काढणाऱ्या मुलाला "रंग का बदललास?" हा प्रश्न आरोप वाटतो. "कृष्णधवल करून बघूया का?" हा वाटत नाही.

मुलांच्या कानावर रंगाबद्दलचा पहिला शेरा फॅनडममधून येत नाही, हेही मान्य करून टाकू. मायदेशातल्या आजीकडून व्हिडिओ कॉलवर "अगंबाई, किती काळवंडलीस, उन्हात जाऊ नकोस" हे तिने कटाराचं नाव ऐकण्याआधी ऐकलेलं असतं. फेअर अँड लव्हलीचं नाव २०२० साली ग्लो अँड लव्हली झालं, कपाटातली ट्यूब तीच राहिली. आजीशी हे कॉल चालू असताना, मुलीसमोर बोलू नका. नंतर वेगळा फोन करा आणि एकच गोष्ट मागा: "आई, तिच्या रंगाबद्दल तिच्यासमोर काहीच बोलू नकोस, चांगलंही नको." चांगलंही नको, कारण "आमची सावळी असली तरी नाकीडोळी नीटस" हे कौतुकच समजलं जातं. सासूबाईंशी बोलायचं असेल तर ते त्यांच्या मुलाने बोलावं, सुनेवर टाकू नये.

भारतीय पात्रांचा प्रश्न थोडा वेगळा. 'द सिम्प्सन्स' मधला अपू, 'फिनियस अँड फर्ब' मधला अभ्यासू बलजीत, 'अवतार' मधला चक्रं शिकवणारा गुरू पथिक. दुकानदार, पुस्तकी किडा, साधू. अपूचा आवाज अनेक वर्षं हँक अझारिया हे गोरे अभिनेते देत होते. २०२० च्या जानेवारीत त्यांनी तो थांबवल्याचं सांगितलं, आणि त्याच जूनमध्ये गोरे कलाकार यापुढे इतर वर्णांच्या पात्रांना आवाज देणार नाहीत असं मालिकेने जाहीर केलं. मुलांशी बोलताना एक प्रश्न पुरेसा: या पात्राला स्वतःसाठी काय हवंय? 'स्टीव्हन युनिव्हर्स' मधली कॉनी महेश्वरन तलवारबाजी शिकते, आईशी भांडते, घाबरते. तिच्याबद्दल उत्तर देता येतं. गुरू पथिकबद्दल द्यायला जा, अडखळाल.

आणि दिग्दर्शक भारतीय वंशाचा असला म्हणजे काम झालं, असंही नाही. 'अवतार' वर २०१० साली एम. नाइट श्यामलन यांनी चित्रपट केला. त्यात कटारा आणि सोका यांच्या भूमिकांत गोरे कलाकार, आणि शत्रू फायर नेशनमध्ये देव पटेल झुको, मुंबईत जन्मलेले आसिफ मांडवी झाओ हा सेनापती. याविरुद्ध चळवळ उभी केली ती फॅननीच, चित्रपट येण्याच्या आधीपासून. फॅनडम म्हणजे नुसती घाण, असं ठरवून मोबाइल काढून घेणाऱ्या बाबांनी हे ध्यानात ठेवावं.

याची दुसरी बाजू जास्त धोक्याची आहे. वर्णभेद ओळखायला शिकलेली मुलं कधीकधी त्याचं हत्यार करतात. २०१५ साली 'स्टीव्हन युनिव्हर्स' च्या एका तरुण फॅन चित्रकर्तीवर तिच्या चित्रांतल्या पात्रांचे रंग आणि बांधे यांवरून इतका हल्ला झाला की तिने आत्महत्येचा प्रयत्न केला. ती वाचली. हल्ला करणाऱ्यांत अनेकांना आपण न्यायाच्या बाजूने आहोत असंच वाटत होतं. म्हणून घरात नियम साधा ठेवा. एखादं चित्र खटकलं तर त्याच चित्राखाली एकच कॉमेंट, चित्राबद्दल, माणसाबद्दल नाही. "तिचा गाल मालिकेपेक्षा बराच उजळ आलाय" एवढं चालेल. स्क्रीनशॉट काढून आपल्या ग्रुपमध्ये टाकायचा नाही, मित्रांना "जा, बघा" म्हणायचं नाही, जुनी चित्रं उकरायची नाहीत. उत्तर आलं नाही तर विषय संपला.

तुमच्याच मुलावर वेळ आली तर क्रम महत्त्वाचा. आधी स्क्रीनशॉट: युजरनेम, तारीख, आधीचे-नंतरचे मेसेज दिसतील असे. डिस्कॉर्डवर सर्व्हर (तिथला ग्रुप) सोडला की ते मेसेज मुलाला पुन्हा उघडता येत नाहीत, त्यामुळे बाहेर पडण्याआधीच हे करा. मग प्रत्येक मेसेजवर रिपोर्ट, मग ब्लॉक, मग सर्व्हर सोडणं. सेटिंगमध्ये सर्व्हरमधल्या लोकांचे थेट मेसेज बंद करा. घाबरून त्याच दिवशी अकाउंट डिलीट केलं जातं, तसं करू नका.

पाठवणारी मुलं त्याच शाळेतली निघाली तर तोंडी सांगून थांबू नका, ईमेल करा. त्यात "थोडी चिडवाचिडवी" असं लिहू नका, 'रेशियल हॅरॅसमेंट' हेच शब्द घाला. अमेरिकेत सरकारी निधी घेणाऱ्या शाळांना १९६४ च्या नागरी हक्क कायद्याचं, वर्णभेदाला मनाई करणारं, टायटल सिक्स हे कलम लागू होतं. इंग्लंडमध्ये २००६ च्या शिक्षण कायद्याने सरकारी शाळांवर सर्व प्रकारचा छळ रोखण्याची जबाबदारी टाकली आहे. ऑस्ट्रेलियात १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालच्यांना इन्स्टाग्राम, टिकटॉक, यूट्यूब, रेडिट अशा ठिकाणी अकाउंट ठेवता येत नाही. मुलाने चोरून ठेवलं असेल, तर त्यावरचा छळ तो भीतीने सांगणार नाही. अकाउंटवरून रागावणार नाही, असं त्याला आधीच सांगून ठेवा. मूल जेवत नसेल, झोपत नसेल, तर शाळेच्या उत्तराची वाट न पाहता त्याला हेल्पलाइनचा नंबर द्या: ब्रिटनमध्ये चाइल्डलाइन ०८०० ११११, ऑस्ट्रेलियात किड्स हेल्पलाइन १८०० ५५ १८००, अमेरिकेत ९८८.