फॉरमॅट मारण्याआधी: डी ड्राइव्हच्या भरवशावर राहू नका, आणि फाँट विसरू नका

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. वडिलांचा २०१४ चा डेस्कटॉप, चौथ्या पिढीचा आय-थ्री, १ टीबीची हार्ड डिस्क, विंडोज १०. सुरू व्हायला दहा मिनिटं लागतात. दुकानदार म्हणतो, "संध्याकाळपर्यंत फॉरमॅट मारून देतो, डी ड्राइव्हला हात लावत नाही, टेन्शन घेऊ नका." वडील निवृत्त मुख्याध्यापक. त्यांचे लेख, सोसायटीचा टॅलीतला हिशोब आणि पंधरा-वीस वर्षांचे फोटो सगळं त्यातच आहे, तर नेमकं काय काय काढून ठेवायचं?

पहिलं उत्तर: टेन्शन घ्या.

सी आणि डी या दोन वेगळ्या वस्तू नाहीत. एकाच खोलीत मधे पार्टिशन घालून दोन बिऱ्हाडं करावीत तसा तो प्रकार आहे, नावही तेच आहे. विंडोज नव्याने टाकताना जो पडदा येतो त्यावर सी-डी ही अक्षरं नसतात. 'ड्राइव्ह ०, पार्टिशन १', 'पार्टिशन २' अशी यादी असते, आणि लेबल दिलेलं नसेल तर फक्त आकारावरून ओळखायचं. संध्याकाळी दुकानात चार मशीन उघडी पडलेली असताना एक चुकीची ओळ डिलीट व्हायला काही वेळ लागत नाही. दुकानदार प्रामाणिक असला तरीही. त्यात हार्ड डिस्क दहाहून जास्त वर्षांची. ती बिघडली तर दोन्ही बिऱ्हाडं एकदमच बुडतात.

दुसरं म्हणजे, तुम्हाला जे डी मध्ये आहे असं वाटतं ते बहुतेक सी मध्येच असणार. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स हे सगळे फोल्डर मुळात सी ड्राइव्हवर 'यूजर्स'च्या आत असतात. घरातल्या मोठ्या माणसांना डेस्कटॉपवर ठेवलेली वस्तू कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवल्यासारखी वाटते, डोळ्यांसमोर आहे म्हणजे जाणार कुठे? फॉरमॅटमध्ये सगळ्यात आधी तीच जाते. म्हणून निवडत बसू नका. यूजर्समधला वडिलांच्या नावाचा अख्खा फोल्डर उचला, आणि त्याआधी फाइल एक्सप्लोररमध्ये लपलेले फोल्डर दाखवण्याची खूण करा. मग डी ड्राइव्ह संपूर्ण. मग सी च्या अगदी वरच्या पातळीवर कोणी 'न्यू फोल्डर (३)' करून ठेवला आहे का ते पाहा. असतोच.

इथपर्यंत कोणीही सांगेल. मला जे सांगायचं आहे ते वडिलांच्या लेखांबद्दल, कारण तिथे मी स्वतः आपटलो आहे.

आमचे अण्णा कोकणातल्या आमच्या गावाच्या गावऱ्हाटीवर टिपणं लिहीत. मान कोणाचा, पालखी कुठून कुठे, गावपळणीला, म्हणजे ठरावीक वर्षांनी अख्खं गाव वेशीबाहेर राहायला जातं तेव्हा, वेस कुठल्या बाजूने ओलांडायची, असं सगळं. २०१२ साली मी मोठ्या तयारीने त्यांचा कॉम्प्युटर फॉरमॅट केला. सगळ्या वर्ड फाइली बाहेरच्या डिस्कवर घेतल्या, आकडा मोजला, आधी आणि नंतर तंतोतंत सारखा. नवीन विंडोज टाकलं, फाइली परत ठेवल्या, अण्णांनी पहिली उघडली आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरं, टक्क्याची चिन्हं, कंस आणि उद्गारचिन्हांची खिचडी. दुसरी उघडली, तीच. अण्णा काही बोलले नाहीत, चष्मा काढून पुसत बसले. ते मला जास्त लागलं.

एकही फाइल हरवली नव्हती. हरवला होता तो फाँट. युनिकोड (सगळ्या भाषांच्या अक्षरांना एकेक ठरलेला क्रमांक देणारी जागतिक पद्धत) रुळण्याआधी मराठी टाइप होत असे ते श्रीलिपी, आकृती, शिवाजी, कृतिदेव, आयएसएम सॉफ्टवेअरमधला सुरेख अशा फाँटांत. यांत फाइलीच्या आत मराठी अक्षर साठवलेलंच नसतं. साठवलेलं असतं इंग्रजी अक्षर किंवा एखादं चिन्ह, आणि त्याच्या जागी 'क' चं चित्र दाखवण्याचं काम फाँट करतो. फाँट गेला की मुखवटा गेला. शिवाय प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी, त्यामुळे एकाच्या जागी दुसरा फाँट लावून भागत नाही. शेवटी कुडाळला लग्नपत्रिका करणाऱ्या एका डीटीपीवाल्याकडे तो फाँट सापडला, तोही दोन महिन्यांनी.

तेव्हा वडिलांची सगळ्यात जुनी फाइल उघडा, मजकुरावर क्लिक करा आणि वर फाँटचं नाव काय येतं ते वाचा. मंगल, कोकिळा, निर्मला यांपैकी असेल तर तो युनिकोड, चिंता नाही. (नव्या विंडोजमध्ये कोकिळा आणि मंगल आपोआप येत नाहीत, सेटिंग्जमधून देवनागरीचे पूरक फाँट घ्यावे लागतात, पण मजकूर वाचता येतोच.) दुसरं कुठलंही नाव असेल तर सी ड्राइव्हवर विंडोजच्या आत 'फाँट्स' फोल्डर आहे, तो आख्खा पेनड्राइव्हवर घ्या. मूळ सॉफ्टवेअरची सीडी आणि डाँगल (सॉफ्टवेअर चालण्यासाठी कॉम्प्युटरला लावावी लागणारी छोटी किल्ली) कुठल्या खणात आहेत तेही आत्ताच बघा. वाचायला नुसता फाँट पुरतो, पुढे त्यात टाइप करायचं असेल तर सॉफ्टवेअर लागेल. आणि फाँट मशीनवर जिवंत आहे तोवर महत्त्वाचे लेख पीडीएफ करून ठेवा. पीडीएफमध्ये अक्षरांचे आकार फाइलीबरोबरच जातात, त्यामुळे नातवाच्या मोबाइलवरही ते मराठीच दिसतील.

टॅलीचंही असंच, वरवर सोपं. टॅली सुरू करून कंपनी निवडायच्या पडद्यावर या, डेटा कुठे आहे तो पत्ता तिथे दिसतो. त्या फोल्डरात '१००००' सारख्या नुसत्या आकड्यांच्या नावाचे फोल्डर असतात, त्यात एकेका कंपनीचा सगळा हिशोब. टॅलीतून रीतसर बॅकअपही घ्या आणि हा फोल्डरही जसाच्या तसा उचला. आवृत्ती कोणती ते कागदावर लिहा. जुना डेटा नव्या टॅलीत नेता येतो, उलटं होत नाही. लायसन्सचं टॅली असेल तर फॉरमॅटच्या आधी लायसन्स 'सरेंडर' करा, म्हणजे या मशीनवरून सोडवून घ्या, नाहीतर नव्या विंडोजवर ते चालू करताना कस्टमर केअरला फोन करत बसाल. सोसायटीचं ऑडिट जवळ आलं असेल तर हा सगळा उद्योगच महिनाभर पुढे ढकला.

पासवर्डबद्दल एक गैरसमज आहे. क्रोमचं फोल्डर उचलून नेलं की पासवर्डही आले असं लोकांना वाटतं. येत नाहीत. ते त्या विंडोज खात्याच्या किल्लीने बंद केलेले असतात, आणि फॉरमॅटबरोबर किल्लीही जाते. वडील क्रोममध्ये गूगल खात्याने आत असतील आणि सिंक (म्हणजे पासवर्ड त्या खात्यातही साठवणं) चालू असेल तर प्रश्न नाही. नसेल तर चालू करा, किंवा पासवर्ड मॅनेजरमधून फाइल काढून घ्या. त्या फाइलीत सगळं उघडं वाचता येतं, म्हणून काम झालं की पुसून टाका. डेस्कटॉपवरच्या पिवळ्या चिठ्ठ्यांत बँकेचे आकडे लिहिलेले असतील तर ते सरळ वहीत उतरवा. गूगल खात्याला जोडलेला मोबाइल नंबर आजही चालू आहे ना, हे बघायला विसरू नका.

वनड्राइव्ह, म्हणजे मायक्रोसॉफ्टची इंटरनेटवरची साठवण, चालू असेल तर आणखी एक फसवाफसवी. फाइलीशेजारी ढगाचं चित्र दिसलं तर ती फाइल या डिस्कवर नाहीच, फक्त तिची पाटी आहे. फोल्डरवर उजवं क्लिक करून ती कायम याच मशीनवर ठेवायचा पर्याय निवडा, सगळं उतरू द्या, मगच कॉपी.

आता प्रत्यक्ष कॉपी. आधी क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट साधन चालवून डिस्कची तब्येत बघा. निळं 'गुड' आलं तर निवांत. पिवळं 'कॉशन' आलं किंवा डिस्कमधून टकटक ऐकू येत असेल तर स्कॅन, दुरुस्ती, डीफ्रॅग काहीही करू नका. शेवटच्या घटका मोजणाऱ्या डिस्कला पळायला लावायचं नसतं. आधी लेख, मग टॅली, मग फोटो, आणि सिनेमे शेवटी, उरला जीव तर.

बाहेरची हार्ड डिस्क ओळखीच्या दुकानातून बिलासकट घ्या. ऑनलाइन चारशे-पाचशे रुपयांत मिळणारे '२ टीबी'चे पेनड्राइव्ह बनावट असतात. सगळं कॉपी झाल्याचं दाखवतात आणि खरी जागा संपली की पुढचं वाऱ्यावर. ड्राइव्ह एफएटी३२ स्वरूपात असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर बसत नाही, आणि लग्नाची शूटिंग नेमकी तिथेच अडकते. एक्सफॅट किंवा एनटीएफएस करून घ्या. तारही निळ्या यूएसबी सॉकेटमध्ये लावा. जुन्या यूएसबी २ वर सेकंदाला ३० एमबीच्या आसपास वेग मिळतो, म्हणजे ४०० जीबीला पावणेचार तास, आणि छोट्या छोट्या फाइली असतील तर त्याहूनही जास्त. आणि कट-पेस्ट कधीही करू नका, कॉपीच करा. मधेच लाइट गेली तर कट केलेल्या फाइली धड इकडे ना धड तिकडे. पुण्यात असाल तर गुरुवार सोडून बसा.

झाल्यावर दोन्हीकडच्या फोल्डरचे गुणधर्म उघडून फाइलींची संख्या आणि आकार जुळवा. 'साइज' जुळवायचा, 'साइज ऑन डिस्क' वेगळा येतो, त्याला घाबरू नका. पण आकडा जुळला म्हणून उठू नका, माझाही जुळला होता. ती डिस्क दुसऱ्याच कॉम्प्युटरला लावा आणि दहा-बारा फाइली उघडा: सगळ्यात जुनी, सगळ्यात मोठी, एक व्हिडिओ, एक टॅली कंपनी, दोन लेख. अण्णांची एक फाइल शेजारच्या लॅपटॉपवर उघडून बघितली असती तर माझे दोन महिने वाचले असते. दुसरी प्रत बहिणीकडे किंवा काकांकडे, दुसऱ्या घरात. फोटो आणि लेखांपुरती गूगलची फुकट १५ जीबी जागाही वापरता येईल. हे सगळं घरीच करा. आधार, पॅन, पासबुकचे स्कॅन असलेली डिस्क दुकानात बॅकअपला द्यायची नसते.

आता थोडा आगाऊपणा. तुमच्या जागी मी असतो तर ही हार्ड डिस्क फॉरमॅटच केली नसती. या मशीनचा खरा रोग बहुतेक ती जुनी फिरती डिस्कच आहे. पुन्हा विंडोज टाकलंत तरी सहा महिन्यांत तेच रडगाणं. २५६ किंवा ५१२ जीबीची साटा एसएसडी (फिरता भाग नसलेली, चिपवर साठवणारी वेगवान डिस्क) घ्या, जुनी डिस्क काढून बाजूला ठेवा, विंडोज एसएसडीवर टाका. इन्स्टॉल करताना दुसरी कुठलीच डिस्क जोडलेली नसेल तर चुकून पुसायला काही उरतच नाही. जुनी डिस्क तारखेची चिठ्ठी लावून कपाटात ठेवा, 'अरे, ते एक राहिलं' असं वर्षभर निघत राहतं. दुकानदार 'जुनी आमच्याकडेच राहू दे' म्हणाला तर गोड बोलून परत मागा.

विंडोजचं लायसन्स डिस्कला नाही, मदरबोर्डला बांधलेलं असतं, त्यामुळे अस्सल विंडोज १० असेल तर ते एसएसडीवर आपोआप सक्रिय होईल. ऑफिसचं तसं नाही, त्याची 'की', म्हणजे परवान्याचा क्रमांक, डब्यावर किंवा ईमेलात शोधा. विंडोज ११ मात्र या मशीनला अधिकृतपणे चालत नाही, त्याला इंटेलची आठवी पिढी आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. घरगुती वापरासाठीची वाढीव सुरक्षा योजना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच आहे, ती सेटिंग्जच्या अपडेट पानावरून घेता येते. वडिलांना टॅली लागतंय म्हणून विंडोजऐवजी चालणाऱ्या फुकटच्या लिनक्सचं नाव काढत नाही.

इन्स्टॉलसाठी ८ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह, आणि लॅन-वायफाय चालवणारी छोटी सॉफ्टवेअर, म्हणजे ड्रायव्हर, आधीच उतरवून दुसऱ्या पेनड्राइव्हवर. नेट चालू झालंच नाही तर फोन यूएसबीने जोडून टेदरिंग करा, म्हणजे फोनचं नेट कॉम्प्युटरला द्या, बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं. नवे लॅपटॉपवाले हे वाचत असतील तर त्यांनी एवढं बघावं: बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर ४८ आकडी 'रिकव्हरी की' आधी कागदावर घ्या, आणि एसएसडीवरून पुसलेलं परत मिळेल ही आशा धरू नका. हार्ड डिस्कवर क्विक फॉरमॅटनंतरही बरंच सापडू शकतं, एसएसडी मात्र मोकळी झालेली जागा स्वतःहून साफ करून टाकते.

आज वडिलांची सर्वात जुनी फाइल उघडून फाँटचं नाव तेवढं लिहा. नाव कळलं की ते लेख युनिकोडमध्ये आणता येतील का ते सांगतो. तोवर दुकानदाराला म्हणावं, पुढच्या आठवड्यात.