संत बखिता यांनी छळ करणाऱ्यांना खरंच माफ केलं होतं का?

हो, केलं होतं. पण तुम्ही विचारलंय, गुलामगिरीत एवढं सोसून कुणी माफ कसं करू शकतं, आणि त्याचं उत्तर फक्त माफीच्या गोष्टीत सापडत नाही. मी ऐकलेल्या प्रवचनांत त्यांचं आयुष्य बहुतेक वेळा अर्धंच सांगितलं गेलं.

बखिता सुदानमधल्या दारफुरच्या, जन्म १८६९च्या सुमाराचा. सात-आठ वर्षांच्या असताना गुलामांच्या व्यापाऱ्यांनी त्यांना पळवलं. त्या धसक्याने त्या स्वतःचं नावसुद्धा विसरल्या. बखिता हे नाव पळवणाऱ्यांनीच ठेवलेलं. मग विक्रीवर विक्री. एका तुर्की अधिकाऱ्याच्या घरी तर त्यांच्या अंगावर नक्षी काढवली गेली. आधी पांढऱ्या पिठाने रेघा आखल्या, त्या रेघांवरून वस्तऱ्याने कातडी चिरली आणि व्रण कायम राहावेत म्हणून जखमांत मीठ चोळलं. असे ११४ चिरे!

१८८३ साली खार्टुममधल्या इटालियन वाणिज्यदूताने त्यांना विकत घेतलं. त्याच्याबरोबर त्या इटलीला गेल्या आणि तिथे मिकिएली कुटुंबातली लहान मुलगी सांभाळू लागल्या. मालकीण काही काळ सुदानला गेली, तेव्हा दोघींना व्हेनिसच्या कनोसियन सिस्टरांकडे, म्हणजे कॅथलिक जोगिणींकडे, ठेवून गेली. परत येऊन ती न्यायला आली, तर बखिता म्हणाल्या, मी येणार नाही.

मला त्यांच्या आयुष्यातला हा क्षण सगळ्यात मोठा वाटतो. परका देश, रक्ताचं कुणी जवळ नाही, जिवापाड सांभाळलेली मुलगी सोडायची आणि समोर हट्टाला पेटलेली मालकीण. तरी त्या मागे हटल्या नाहीत. प्रकरण कोर्टात गेलं. २९ नोव्हेंबर १८८९ रोजी निकाल लागला: इटलीच्या कायद्याला गुलामगिरी मान्यच नाही, बखिता स्वतंत्र आहेत. पुढच्याच जानेवारीत त्यांनी बाप्तिस्मा घेतला, नंतर त्या सिस्टर झाल्या आणि इटलीतल्याच स्किओच्या कॉन्व्हेंटमध्ये (जोगिणींच्या मठात) स्वयंपाक केला, दार सांभाळलं.

पळवणारे भेटले तर गुडघे टेकून त्यांचे हात चुंबीन, असं त्या म्हणायच्या. ते घडलं नसतं तर आपण ख्रिस्ती आणि सिस्टर झालो नसतो, ही त्यामागची श्रद्धा. पण १९४७मध्ये मरणाच्या दारात, ग्लानीत, त्या नर्सला साखळ्या सैल करायची विनवणी करत होत्या. माफी मनापासूनची होती आणि आतली जखमही तेवढीच खरी होती. त्यांना कसलंच दुःख उरलं नव्हतं असं कुणी सांगितलं, तर मला ते पटत नाही.

२००० साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना संत घोषित केलं. ८ फेब्रुवारी हा त्यांचा स्मृतिदिन २०१५पासून चर्चमध्ये मानवी तस्करीविरुद्धच्या प्रार्थनेचा दिवस म्हणून पाळला जातो.