खान्देशातल्या गावात मातीकाम-विणकामाच्या स्टुडिओत महिनाभर राहून काम करायचं तर कोणता महिना निवडावा?

डिसेंबर किंवा जानेवारी. जळगाव-धुळ्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या आसपास जातो; चाकावरून उतरवलेल्या भांड्याचा काठ बघता बघता सुकतो, बूड ओलंच राहतं, की गेला तडा. ओलं गोणपाट टाकून टाकून किती टाकणार! पावसाळ्यात उलट, सुकायचं नावच नाही. शिवाय हिवाळ्यात कापसाची वेचणी चालू असते, म्हणजे सूतकताईला ताजा कापूस थेट शेतावरून. उन्हाळ्यात चाकावर बसून बरीच भांडी घालवलीत, म्हणून सांगतोय. फक्त शेवटच्या आठ-दहा दिवसांत नवीन भांडं घडवायला घेऊ नका. सुकणं, कच्ची भाजणी, ग्लेझ (काचेसारखा चकचकीत लेप) लावणं, पुन्हा भाजणी, भट्टी निवणं यात तेवढे दिवस जातातच.