दुसरी डिस्क आणि एफएसटॅबमधली एक ओळ

प्रश्न : फोटो स्टुडिओतल्या उबंटू डेस्कटॉपला १ टीबीची दुसरी हार्ड डिस्क लावली, ईएक्सटी४ (लिनक्सची फाइलसिस्टम, म्हणजे डिस्कवर फाइली मांडायची पद्धत) केली, एफएसटॅबमध्ये (मशीन चालू होताना कोणत्या डिस्क जोडायच्या त्या यादीच्या फाइलमध्ये) ओळही टाकली. पण लग्नाचे फोटो टाकायला गेलं की परवानगी नाही म्हणतं. जागा ८७० जीबीच दिसते. त्यात परवा साटा केबल निसटली, तर मशीन इमर्जन्सी मोडमध्येच अडकलं. डिस्क खराब आहे का?
– एक वाचक, उदगीर

उत्तर : डिस्क ठणठणीत आहे, गोम त्या ओळीत आहे. तिच्यात ‘नोफेल’ (डिस्क नसली तरी पुढं जा, असं सांगणारा शब्द) नसेल तर डिस्क सापडेपर्यंत मशीन ९० सेकंद वाट बघतं आणि मग हात वर करतं. इमर्जन्सीच्या पडद्यावर रूटचा (सगळे अधिकार असलेल्या मुख्य वापरकर्त्याचा) पासवर्ड द्या; ठेवलेलाच नसेल तर उबंटूत नुसतं एंटर दाबा. नॅनो या एडिटरमध्ये एफएसटॅब उघडून त्या ओळीच्या सुरुवातीला # टाका आणि रीबूट करा.

आता ओळ नव्यानं लिहा. सुरुवातीला एसडीबी१ हे लिनक्सनं दिलेलं नाव नको. पेनड्राइव्ह लावून मशीन चालू केलं तर तीच डिस्क एसडीसी होऊ शकते. टर्मिनलमध्ये ‘सुडो बीएलकेआयडी’ या कमांडनं दिसणारा यूयूआयडी, म्हणजे पार्टिशनचा स्वतःचा ओळखक्रमांक घ्या. मग डिस्क जोडायचा फोल्डर, ईएक्सटी४, ‘डिफॉल्ट्स,नोफेल’, ० आणि २. स्वल्पविरामानंतर जागा सोडू नका. सोडली की नोफेल पुढच्या रकान्यात जातो आणि ओळ बिघडते. रीबूटच्या आधी ‘सुडो माउंट -ए’ चालवा; यादीतल्या डिस्क तेव्हाच माउंट होतात, म्हणजे फोल्डरला जोडल्या जातात. चूक असेल तर बहुतेकदा इथंच कळते, गिऱ्हाईक समोर उभं असताना नाही.

परवानगीचं म्हणाल तर नवी ईएक्सटी४ रूटच्या मालकीची असते. ‘सुडो सीएचओन’नं मालकी स्वतःच्या नावावर करा, पण माउंट झाल्यावरच. आधी केलीत तर खालच्या रिकाम्या फोल्डरची मालकी बदलते, डिस्कची नाही. ७७७, म्हणजे सगळ्यांना सगळ्या परवानग्या देऊन मोकळं होऊ नका.

कंपनीचा १ टीबी म्हणजे जागा दाखवणाऱ्या लिनक्सच्या ‘डीएफ -एच’ या कमांडच्या मापानं ९३१ जीबी. त्यातला काही भाग फाइलसिस्टमच्या स्वतःच्या नोंदींना लागतो आणि ५ टक्के रूटसाठी राखीव असतो. नुसत्या फोटोंच्या डिस्कवर ही राखीव जागा १ टक्का केली तरी चालते : ‘सुडो ट्यून२एफएस -एम १’ (एम लहान लिपीतला) आणि पुढं पार्टिशनचं नाव. चाळीसेक जीबी मोकळी होईल.

लाइट जाते तिथं जर्नलमुळं (बदलांच्या आगाऊ नोंदवहीमुळं) फाइलसिस्टम सावरते, पण अर्धवट कॉपी झालेला फोटो अर्धवटच राहतो. म्हणून कार्डावरून ‘कट’ करू नका, कॉपी करा. आणि केबल खटक्याची घ्या.