मुलीच्या अकाउंटवर डिफेंडर अडून बसतो तेव्हा

मुलीच्या विंडोज अकाउंटवर डिफेंडर, म्हणजे विंडोजचा स्वतःचा अँटीव्हायरस, दर वेळी पासवर्ड मागतो आणि तिची फाइलही सेव्ह होत नाही, अशी तुझी तक्रार. पहिलं म्हणजे, तिचं अकाउंट ॲडमिन (सगळे अधिकार असलेलं) करून टाकू नकोस. बहुतेक जण हाच शॉर्टकट मारतात आणि स्टँडर्ड (मर्यादित अधिकारांचं) अकाउंट ठेवल्याचा उपयोगच राहत नाही. डिफेंडरची सेटिंग बदलताना ॲडमिनचा पासवर्ड मागितला जाणारच, तो बिघाड नव्हे. तिच्याच लॉगिनमध्ये तू पासवर्ड टाकलास तरी चालतं. ही सेटिंग्ज अख्ख्या मशीनला लागू होतात.

डॉक्युमेंट्समध्ये फाइल सेव्ह होत नाही, यात माझा संशय ‘कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस’वर. महत्त्वाची फोल्डर्स राखणारं हे डिफेंडरचं फीचर विंडोज १० मध्ये २०१७ साली आलं. मुळात बंद असतं, पण घरात कुणीतरी उत्साहाने चालू केलेलं असतं. मग अनोळखी प्रोग्रामला डॉक्युमेंट्स, पिक्चर्समध्ये काही लिहिता येत नाही, आणि प्रोग्राम मात्र भलतीच एरर दाखवतो. ‘प्रोटेक्शन हिस्टरी’ (डिफेंडरने काय अडवलं त्याची यादी) बघ. तिथे त्या प्रोग्रामचं नाव दिसलं, तर तेवढ्याच प्रोग्रामला परवानगी दे. सगळं बंद करायची गरज नाही.

एक्सक्लूजन (डिफेंडरने हे फोल्डर तपासू नये अशी सूट) टाकायचंच असेल तर ‘यूजरप्रोफाइल’ हे व्हेरिएबल, म्हणजे ‘चालू युजरचं फोल्डर’ असा आखूड शब्द, वापरू नकोस. डिफेंडर विंडोजच्या स्वतःच्या सिस्टम अकाउंटखाली चालतो, त्याला तिचं प्रोफाइल कुठून कळणार? सी ड्राइव्ह, युजर्स, तिचं फोल्डर असा पूर्ण पत्ता लिही. आणि अख्खं डाउनलोड्स तर नकोच, बाबा!

घरच्या पीसीवर ‘सेटिंग्ज तुमची संस्था सांभाळते’ असं दिसलं, तर एखाद्या ट्वीकिंग टूलने (विंडोजच्या सेटिंग्ज परस्पर बदलणाऱ्या प्रोग्रामने) मागे सोडलेली पॉलिसी, म्हणजे सेटिंग लॉक करणारा नियम, शोध.