टार फाइल उतरवली, आता प्रोग्राम ठेवायचा कुठे?

तुम्ही लिनक्स नुकतंच वापरायला घेतलंय, एका प्रोग्रामची टार फाइल (अनेक फाइलींचा एकत्र बांधलेला गठ्ठा) उतरवून घेतलीत आणि आता कोणी म्हणतं /यूएसआर/बिनमध्ये टाका, कोणी म्हणतं /ऑप्टमध्ये, कोणी म्हणतं होममध्येच, म्हणजे तुमच्या स्वतःच्या डिरेक्टरीत, राहू द्या. यातलं कुणाचं ऐकायचं, हा तुमचा प्रश्न.

आधी ती टार फाइल बाजूला ठेवा आणि तोच प्रोग्राम तुमच्या पॅकेज मॅनेजरमध्ये, म्हणजे सिस्टिमचे प्रोग्राम बसवणाऱ्या आणि काढणाऱ्या साधनात, मिळतो का ते बघा. ॲप्ट असो, डीएनएफ असो की पॅकमन. मिळत असेल तर तिथूनच घ्या, आवृत्ती थोडी जुनी असली तरी. सुरक्षेच्या दुरुस्त्या बाकीच्या अपडेटबरोबर येत राहतात आणि नको झाला तर एका कमांडमध्ये निघतो. नवख्याची बहुतेक गरज इथेच भागते.

तिथे नसेल किंवा नवीच आवृत्ती लागत असेल, तर जागा निवडताना एकच गोष्ट विचारा: या डिरेक्टरीत फाइली कोण ठेवतं? /यूएसआर/बिन आणि /यूएसआर/लिब पॅकेज मॅनेजरच्या ताब्यात असतात. तिथल्या फाइलींची नोंद त्याच्याकडे असते. तुम्ही हाताने टाकलेली फाइल त्या नोंदीत नसते, त्यामुळे पुढे एखाद्या पॅकेजमधून त्याच नावाची फाइल आली की तुमची जाऊ शकते, तीही न विचारता.

उलटा प्रकार, म्हणजे सिस्टिमचीच फाइल तुम्ही बदलणं, जास्त वाईट, आणि तो मी स्वतः केलेला आहे. मला नवं पायथन हवं होतं. ते बसवलं आणि /यूएसआर/बिन/पायथन३ ही लिंक (दुसऱ्या फाइलकडे नेणारं नाव) सरळ त्याच्याकडे वळवली. माझी स्क्रिप्ट छान चालली. दुसऱ्या दिवशी टर्मिनलच्या आयकॉनवर क्लिक केलं तर खिडकी उघडेना. एररही नाही, काहीच नाही. त्या सिस्टिमवर टर्मिनल सुरू करणारी फाइल म्हणजे एक पायथन स्क्रिप्टच होती आणि तिला लागणारं मॉड्यूल जुन्या पायथनसाठी बांधलेलं होतं. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ दाबून टेक्स्ट कन्सोलवर गेलो, लिंक पूर्ववत केली, तेव्हा टर्मिनल उघडलं. त्या दिवसापासून /यूएसआर/बिनमध्ये मी हाताने काहीही बदललेलं नाही.

म्हणून तुमच्यासाठी माझं उत्तर: होममध्ये, ~/.लोकलच्या खाली. तिथे सूडो (ॲडमिनच्या अधिकाराने कमांड चालवणं) लागत नाही, आणि सूडो दिला नाही की चुकलेली कमांड सिस्टिमच्या फाइलींपर्यंत पोचतच नाही. एकच चालणारी फाइल असेल तर ती ~/.लोकल/बिनमध्ये ठेवा. डेबियन आणि उबंटूत ही डिरेक्टरी अस्तित्वात असेल तर लॉगिनच्या वेळी ती पाथमध्ये, म्हणजे कमांड जिथे शोधल्या जातात त्या डिरेक्टऱ्यांच्या यादीत, घेतली जाते. म्हणजे डिरेक्टरी आत्ता बनवलीत तर एकदा लॉगआउट करून परत या, नाहीतर ‘कमांड नॉट फाउंड’ बघत बसाल. सोर्स कोड असेल आणि त्यात कॉन्फिगर नावाची स्क्रिप्ट असेल, तर ती चालवताना --प्रिफिक्स=$होम/.लोकल असं द्या. मग बिन, लिब, शेअर सगळं त्याखालीच जातं.

हे प्रिफिक्स दिलं नाही तर अशा स्क्रिप्टचं ठरलेलं ठिकाण असतं /यूएसआर/लोकल. तीही योग्य जागा आहे, पण मशीन अनेकजण वापरत असतील तेव्हा. लिनक्सच्या डिरेक्टऱ्यांचं जे मानक आहे, एफएचएस, त्यात ही जागा मशीन सांभाळणाऱ्यासाठी राखून ठेवली आहे आणि सिस्टिमच्या अपडेटने तिला हात लावू नये असं म्हटलंय. अडचण काढताना येते, कारण प्रत्येक प्रोग्रामला ‘मेक अनइन्स्टॉल’ ही काढून टाकणारी कमांड असतेच असं नाही. असेल तर ती सोर्सच्या डिरेक्टरीतूनच चालते, म्हणून जिथे प्रोग्राम बांधला ती डिरेक्टरी लगेच पुसू नका.

/ऑप्ट तयार गठ्ठ्यांसाठी. टार उघडल्यावर एकाच फोल्डरमध्ये स्वतःचं बिन आणि लिब दिसलं, तर त्याची मोडतोड करू नका. अख्खं फोल्डर /ऑप्टमध्ये किंवा होममध्ये ठेवा आणि फक्त चालणाऱ्या फाइलची लिंक पाथमधल्या बिनमध्ये द्या. काढायचं झालं की फोल्डर आणि लिंक पुसली, संपलं.

पायथनच्या पॅकेजेससाठी सूडो लावून पिप (पायथनची पॅकेजेस बसवणारं साधन) चालवू नका, व्हेन्व्ह, म्हणजे पायथनचं वेगळं स्वतंत्र वातावरण, बनवा. डेबियन १२ पासून पिप सिस्टिमच्या पायथनमध्ये काही बसवायला स्वतःच नकार देतो. तो नकार मोडून काढणारा पर्याय एररमध्येच लिहिलेला असतो, तो वापरू नका.

हे सगळं लिनक्सपुरतं. फ्रीबीएसडी या वेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर पॅकेज मॅनेजरच /यूएसआर/लोकलमध्ये फाइली ठेवतो, तेव्हा तिथे हाताने काही टाकणं म्हणजे पुन्हा त्याच्याच ताब्यात घुसणं. मॅकवर होमब्रू हा पॅकेज मॅनेजर इंटेलच्या मशीनवर /यूएसआर/लोकल वापरतो आणि ॲपलच्या चिपवर /ऑप्ट/होमब्रू.

बसवून झाल्यावर ‘टाइप -ए’ पुढे प्रोग्रामचं नाव देऊन बघा. त्या नावाच्या सगळ्या प्रती पाथच्या क्रमाने दिसतात आणि पहिली असते ती चालते. तुमची प्रत पहिली दिसूनही जुनीच आवृत्ती चालत असेल, तर बॅशने (टर्मिनलमध्ये तुमच्या कमांड चालवणारा प्रोग्राम) आधीची जागा लक्षात ठेवलेली असते. ‘हॅश -आर’ द्या किंवा नवं टर्मिनल उघडा.