थंडीत गाडी सेल्फ घेत नाही तेव्हा

भावा, पहाटे सेल्फ लागला नाही म्हणून लगेच नवी बॅटरी आणायला पळू नकोस. आधी बॅटरीची टर्मिनल (वायरी जोडायची टोकं) बघ. पांढरट-हिरवट थर चढला असेल तर वायरी सोडव. वजाची (−) वायर आधी काढायची, लावताना शेवटी. नाहीतर पाना बॉडीला टेकला की ठिणगी उडालीच. कोमट पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या टूथब्रशनं घास, कोरडं कर, व्हॅसलीन लाव. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीला मल्टिमीटर लावून १२.६ व्होल्टच्या आसपास दिसलं तर बॅटरी पूर्ण चार्ज आहे. कार्ब्युरेटरवाली जुनी गाडी असेल तर चोक ओढून किक मार, एक्सलेटर पिळत बसलास तर स्पार्क प्लग पेट्रोलनं भिजणार. लेथचं (लोखंड कातायच्या यंत्रावरचं) काम निघालंच तर आपल्या कोल्हापूरचं उद्यमनगर, वर्कशॉपांची वसाहत, आहेच.